सकाळी न उठणारा लॅपटॉप

तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा, असं आपल्या मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या व्यवसायात माणसं येऊन एकच वाक्य बोलतात, ते लिहिलं की लेख संपला. ‘अक्का, हा कधी चालू होतो, कधी होत नाही.’ संपादक म्हणाले, मग बाकीची पानं त्याच्यावरच भरा. म्हणून बसले आहे.

माझी शाळा कन्नड. मराठी घरातली, आईकडून आलेली. आमचं घराणं बेंगळूरला इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कुठलं यावर घरातच दोन मतं आहेत. त्यामुळे मध्येच कुठे ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’ आलं, ‘बरं’च्या जागी ‘सरी’ आलं, तर सांभाळून घ्या. पुण्याकडून इथं नोकरीला आलेली मुलं माझं मराठी ऐकून हसतात आणि मग निम्मं वाक्य इंग्रजीत बोलतात. मी काही हसत नाही. त्यांचे लॅपटॉप माझ्याकडे असतात.

लॅपटॉप दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही. जयनगरात एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी शिकवायला होते. टाइपरायटर अडकला की मेकॅनिकला निरोप जायचा, मग तो सवडीनं यायचा आणि आल्या आल्या कॉफी मागायचा. एकदा वाट बघून कंटाळले आणि मीच स्क्रू ड्रायव्हर घेतला. पुढं टाइपरायटर गेले, संगणक आले. आमच्या मालकांनी एक संगणक आणला, त्याला कापडाचा झगा शिवून घेतला आणि चपला बाहेर काढून आत यायचं असा नियम केला. तो बिघडला तेव्हा झग्याला हात लावायला कुणी तयार होईना. मी उघडला. आत काय आहे ते काही कळलं नाही. टाइपरायटरपेक्षा याच्यात हलणारे भाग फार कमी आहेत, एवढं मात्र कळलं, आणि धीर आला.

इन्स्टिट्यूट बंद पडल्यावर तिथूनच जवळ एका कॉम्प्लेक्समध्ये, जिन्याखाली, मला जागा मिळाली. उंच माणसाला आत वाकून यावं लागतं. शेजारी मंजण्णा, साड्यांना फॉल-पिको करतो. आमच्या दोघांत एक पातळ फळी आहे. त्याचं मशीन चाललं की माझ्या टेबलावरचे स्क्रू हळूहळू कडेला सरकतात. नवीन गिऱ्हाईक वाकून आत बघतं, मला बघतं आणि विचारतं, ‘मेकॅनिक कुठं गेलेत?’ मी सांगते, ‘जेवायला.’ मग माझा डबा खाते, हात धुते आणि विचारते, ‘हं, काय झालंय?’

आता हे चालू होणं, न होणं म्हणजे काय ते थोडं सांगते. तुम्ही बटण दाबता तेव्हा ते बटण स्वतः काही चालू करत नाही. ते फक्त आत निरोप देतं, की उठा. मग आतले एकेक उठतात. आधी वीज येते, मग मेमरी उठते, मग पडदा. मध्ये कुणी एक उठलं नाही की उरलेलेही परत आडवे होतात. माझं काम म्हणजे कोण उठत नाही ते शोधणं. पूर्ण मेलेला लॅपटॉप सोपा असतो. तो कुठंही, कधीही मेलेलाच असतो, माझ्या टेबलावरसुद्धा. खरा त्रास ‘कधी होतो, कधी होत नाही’ याचा. तो घरी हट्टानं बंद राहतो आणि माझ्यासमोर आला की एका बोटानं चालू होतो. गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. मुलाला ताप आहे म्हणून डॉक्टरकडे आणावं आणि तिथं ते खुर्चीवर उड्या मारायला लागावं, तेव्हा आईची जी अवस्था होते, तशीच.

मग मी विचारायला लागते. कुठं बसता, कुठलं सॉकेट, चार्जर आधी लावता की नंतर, मांडीवर घेता का. लोकांना वाटतं अक्का गप्पा मारते. मारतेच. पण निम्मे बिघाड गप्पांतच सापडतात. एका बाईंचा लॅपटॉप फक्त झोपाळ्यावर चालू व्हायचा, टेबलावर नाही. मांडीवर घेतला की त्याचा तळ जरासा वाकायचा आणि आतली सैल झालेली मेमरीची पट्टी जागेवर बसायची. मी ती नीट बसवून दिली. आठवड्यानं बाई तक्रार घेऊन आल्या, की आता सून म्हणते टेबलावर बसूनच काम करा.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, लॅपटॉप राहुकाळात चालू होत नाही. मी विचारलं, किती वेळा असं झालं. ते म्हणाले, झालं असं नाही, पण होत नाही. म्हटलं, राहुकाळात कधी बटण दाबून पाहिलंत का. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘राहुकाळात कोण दाबेल?’ मी लॅपटॉप पुसून परत दिला. तो अजून छान चालतो आहे, राहुकाळ सोडून.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. हल्ली जे नवे पातळ लॅपटॉप येतात त्यांत सगळं आतल्या आत डकवलेलं असतं. सुटं करावं, पुसावं, परत बसवावं असं काही ठेवलेलंच नाही. पोटापुरतं मिळतंय, धंद्याची काळजी नाही. पण आत डोकावायला मिळत नाही हे मला खटकतं.

असो. मला सांगायचं आहे ते प्रशांतचं. नाव बदललं आहे. त्याला आणि त्याच्या बायकोला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, लिहा. तो म्हणाला, तिनं सांगितलंय तर लिहा की.

हा ‘की’ त्याच्या प्रत्येक वाक्याला असतो, कारण तो बेळगावकडचा. वय पंचेचाळिशीच्या पुढं, एचएसआर लेआउटला राहणारा, इस्त्रीचा शर्ट, कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागेवर असेलसं वाटावं असा. पहिल्यांदा आला तो दुपारी. बॅगेतून काढला तो जाडजूड काळा लॅपटॉप, जुना, एक कोपरा चेपलेला.

‘अक्का, हा सकाळी उठतच नाही की,’ म्हणाला. ‘दुपारी उठतो.’

मी बटण दाबलं. उठला. बंद केला, परत दाबलं, परत उठला. तरी माझी पद्धत म्हणून सगळं बघितलं. चार्जरची वीज मोजली. चार्जरची पिन जिथं बसते ते भोक सैल आहे का बघितलं. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवला. खालचं झाकण उघडून मेमरीची पट्टी काढली आणि तिचे पितळी दात खोडरबरनं घासले. हसू नका, शाळेचं साधं खोडरबर, त्याच्याइतकं चांगलं काही मिळत नाही. पंख्यातून धुळीची गादी निघाली. सगळं करून दिलं. चार-पाच दिवसांनी माणूस परत हजर, दुपारीच.

‘सकाळी दिवा लागतो, पंखा फिरतो आणि गप्पकन बंद. मग दाबत बसलं तरी काही नाही. जेवणाच्या वेळेला आपोआप शहाणा होतो.’

मला वाटलं, सापडलं. जुन्या यंत्रात आतले टाके सैल होतात. आम्ही त्याला ड्राय सोल्डर म्हणतो. गारठ्यात टाका आकसतो आणि जोड तुटतो, ऊब मिळाली की परत चिकटतो. सकाळी गार, दुपारी गरम. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी चालू करण्याआधी जरा वेळ उन्हात ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, उन्हात ठेवल्यावर लगेच झाला. माझी छाती फुगली. मी मंजण्णालाही फळीवरून वाकून सांगितलं, सापडलं म्हणून. मग लॅपटॉप मागवून घेतला, संशय होता ते सगळे टाके नव्यानं गरम करून पक्के केले.

आणि तो पुढच्या सकाळी उठला नाही.

अशा वेळी एकच उपाय असतो. यंत्र माझ्याकडे ठेवून घ्यायचं आणि त्यानं माझ्यासमोर हट्ट करेपर्यंत थांबायचं. मी म्हटलं, आज ठेवून जा, सकाळी मीच बघते कसा उठत नाही ते. प्रशांतनं बॅग पोटाशी धरली.

‘ठेवून जाता यायचं नाही, अक्का. ऑफिसचा आहे.’

आता ऑफिसचा लॅपटॉप म्हणजे त्याच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी असते. आणि तो बिघडला तर ऑफिसातच माणसं असतात, ती दुसरा देतात. कुणी तो घेऊन जिन्याखाली वाकत नाही. हे मला दिसत होतं. पण माझा एक नियम आहे. गिऱ्हाइकाला सॉकेटचं विचारायचं, घरचं नाही. मी म्हटलं, सरी, घेऊन जा.

नंतरच्या आठवड्यात तो आला आणि स्टुलावर बसला. लॅपटॉप बाहेर काढलाच नाही. मी हातातलं काम करत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘आज इंटरव्ह्यू होता.’

‘कुणाचा?’

‘माझाच की.’

मग त्यानं सांगितलं. कंपनीनं बरीच माणसं कमी केली, त्यात हाही. ऑफिसचा लॅपटॉप तिथंच ठेवून घेतला. घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी त्याच वेळेला, तीच बॅग, आत हा घरातला जुना लॅपटॉप. जयनगरला येतो आणि एका वाचनालयाच्या हॉलमध्ये बसतो, जिथं पेन्शनवाले पेपर वाचतात. तिथून अर्ज करतो. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला घरी जातो. रात्री बॅग रिकामी दिसली तर बायको विचारेल, म्हणून लॅपटॉप माझ्याकडे ठेवता येत नव्हता.

‘अरे, पण सांगायचं की नाही?’ मी एकदम अरे-तुरेवर आले.

‘सांगणार होतो. पहिल्याच दिवशी. दारात उभा होतो. ती डबा भरत होती. तिनं डबा हातात दिला. मग काय, घेतला आणि निघालो.’

कितीतरी महिने झाले होते. त्या दिवशी सकाळच्या इंटरव्ह्यूत लॅपटॉप चालू झाला, बंद झाला, परत झालाच नाही. त्यानं फोनवरून बोलायचा प्रयत्न केला. पण त्यांना नुसता चेहरा नको होता, काम करून दाखवायला हवं होतं. ते म्हणाले, कळवतो. कसं कळवणार ते त्याला माहीत होतं. आता एक उरला होता, पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता. त्यानंतर कुणाचंच बोलावणं नव्हतं. मी म्हटलं, माझा दुकानातला घे त्या दिवशी. तर नाही, त्यांनी आधीच चाचणी घेऊन हेच यंत्र नोंदवून घेतलेलं. दुसरं चालायचं नाही.

मी म्हटलं, मग एक कर. उद्या घरातून निघालास की थेट इकडं ये. वाचनालयात जायचं नाही, उन्हात ठेवायचा नाही, उघडून बघायचासुद्धा नाही. मी शटर वर करायला आणि तू यायला.

तसा आला. बॅग काउंटरवर ठेवली. मी लॅपटॉप काढला, झाकण उघडलं. प्रशांत खिशातून रुमाल काढत घाईनं पुढं झाला.

‘थांबा, थांबा, पुसतो.’

चालू करायच्या बटणावर कुंकवाचा ओला टिळा होता. त्याच्याखाली हळद. वर अक्षतांचे दोन दाणे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते. तुमच्याकडे खंडेनवमी असते ना, तीच आमच्याकडे आयुधपूजा. बेंगळूरला त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं त्या सगळ्याला कुंकू लागतं. रिक्षा, बस, लेथ मशीन, मंजण्णाचं पिको मशीन, आणि मोठमोठ्या काचेच्या ऑफिसांत लॅपटॉपसुद्धा. पण ती वर्षातून एकदा. त्या सकाळी आसपास कुठली नवमी नव्हती.

‘हे काय?’ मी विचारलं.

‘ते ती लावते. वैशाली.’

‘आज काय आहे?’

‘आज काही नाही. रोज लावते. आंघोळ झाली की. मी बूट घालेपर्यंत.’

‘आणि तू?’

‘मी लिफ्टमध्ये पुसतो.’

हे त्यानं मला इतक्या दिवसांत सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. सॉकेट विचारलं, मांडी विचारली, चार्जर विचारला, पूजा विचारली नाही. त्याला तरी ते बिघाडात धरायचं कशाला सुचेल? माणूस डॉक्टरला पोट दुखतं ते सांगतो, देवाला नमस्कार केला ते सांगत नाही.

मी त्याला पुसू दिलं नाही. तसंच बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, गप्प झाला. इतक्या दिवसांनी माझ्यासमोर. खरं सांगते, मला आनंद झाला.

झालं होतं ते असं. बटण म्हणजे वर प्लास्टिकचं छोटं झाकण आणि खाली नखाएवढा स्विच. कडेनं केसभर फट. ओलं कुंकू त्या फटीत उतरायचं आणि हा रुमालानं पुसायचा म्हणजे उरलेलंही आत ढकलायचा. बटण दाबलं की त्या चिखलात अडकून खालीच राहायचं. आणि बटण काही सेकंद दाबून धरलं तर लॅपटॉप काय समजतो? मला जबरदस्तीनं बंद करायचंय. तो बिचारा सांगितल्याप्रमाणे बंद व्हायचा. दुपारपर्यंत चिखल वाळला की बटण सुटायचं. उन्हात लवकर वाळायचं. म्हणजे माझा उन्हाचा सल्ला बरोबर होता आणि कारण साफ चूक. तो लॅपटॉप त्यानं रात्रभर माझ्याकडे ठेवला असता तर सकाळी छान उठला असता आणि मला कधीच काही सापडलं नसतं.

मी आधी दोनदा तो उघडला होता, पण खालून. आता वरून कीबोर्ड काढला, बटणाचं झाकण चिमट्यानं उचललं. आत हळदीकुंकवाची वडी तयार झाली होती, थरावर थर, कडेला तांदळाचा चुरा. प्रशांत वाकून बघत होता. मला वाटलं हसेल. हसला नाही. हळूच म्हणाला, ‘एवढं लावलंय होय तिनं.’

स्पिरिट आणि ब्रशनं सगळं स्वच्छ केलं. स्विच गंजला होता, तो मेलेल्या एका लॅपटॉपमधला काढून बसवला. मग म्हटलं, आता तिला सांग, इथं लावू नको म्हणून.

‘काय कारण सांगू?’

‘सांग, ऑफिसवाले रागावतात.’

‘ऑफिसवाले,’ तो म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, ‘असं काही करता येतं का अक्का, की तिनं लावलं तरी हा चालेल?’

लोक काय काय मागतात. कॉफी सांडली तरी चाललं पाहिजे, पाऊस लागला तरी चाललं पाहिजे. कुंकू लावून चाललं पाहिजे ही मागणी पहिलीच. मी पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद बटणाच्या मापानं जरा मोठा कापून वरून पक्का डकवला. दाबलं की दबायचं, आत थेंब जायचा नाही. मग सवयीप्रमाणे लॅपटॉपच्या तळाला माझ्या दुकानाचा स्टिकर लावला. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूला लावते. माझं नाव, जयनगरचा ब्लॉक, जिन्याखाली, आणि हा स्टिकर फाटला तर गॅरंटी नाही. त्याला सांगितलं, गुरुवारी वाचनालयात बोलता यायचं नाही, इथं येऊन बस. मागं एक टेबल रिकामं करते.

बुधवारी दुपारी एक बाई वाकून आत आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत कोथिंबीर. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुम्हीच का सरोजाक्का?’ मेकॅनिक जेवायला गेलेत असं सांगावंसं वाटलं, पण तिनं नाव घेतलं होतं.

‘मी एचएसआरहून आलेय. आमच्या ह्यांच्या लॅपटॉपला खाली तुमचा स्टिकर आहे.’

तिनं स्टूल ओढून घेतलं. निपाणीकडची, शांत बोलणारी.

‘बटणावर ते प्लास्टिक तुम्ही लावलंत?’

‘हो.’

‘कशासाठी?’

‘धूळ जाते आत.’

तिनं मान हलवली, पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. मग म्हणाली, ‘अक्का, तो ऑफिसचा नाही. आमचाच जुना आहे. आमची मुलगी लहान होती तेव्हा तिनं तो टीपॉयवरून पाडला, तो कोपरा तेव्हाचा आहे. मला कळणार नाही होय?’

सॉकेटपलीकडचं विचारायचं नाही हा नियम होता, पण ती आपणहून सांगत होती, आणि मला राहवलं नाही. ‘आणि ऑफिसचा होता त्यालाही रोज कुंकू लावायचीस?’

‘त्याला खंडेनवमीला, वर्षातून एकदा,’ ती म्हणाली. ‘तेव्हा नोकरी होती ना.’

पलीकडे मंजण्णाचं मशीन चाललं होतं. ते थांबेपर्यंत आम्ही दोघीही थांबलो.

‘मग तूच का नाही विचारलंस?’

‘ते सांगतील म्हणून थांबले. पहिल्या दिवशी दारात उभे होते, काहीतरी बोलायचं होतं, मला दिसत होतं. मी डबा भरून दिला, म्हटलं हात मोकळे झाले की ऐकू. तर डबा घेतला आणि गेलेच. आता रोज हातात डबा देऊन, तुम्ही जाता कुठं, असं कसं विचारायचं?’ कोथिंबिरीच्या काड्या तिनं पिशवीत नीट आत केल्या. ‘माझ्या कुंकवानं बंद पडत होता का तो?’

मी म्हटलं, जुना आहे, जुन्या यंत्राचं असं होतं.

‘खरं सांगा.’

‘हो. बटणात जात होतं.’

तो इंटरव्ह्यू गेला ते तिला सांगितलं नाही. ते त्याचं होतं, त्यानं सांगायचं. तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, ‘उद्या काहीतरी आहे. चांगला शर्ट इस्त्रीला दिलाय.’ मी गप्प राहिले, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.

ती उठली आणि अगदी कामाचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, ‘मग लावायचं कुठं?’

मीही कामाचंच उत्तर दिलं. ‘झाकणावर लाव. बाहेरून, मधोमध. कोरडं कुंकू घे, पाणी नको, हळद भिजवू नको. अक्षता नकोत. पंख्याच्या जाळीपासून लांब.’

तिनं एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली आणि गेली.

गुरुवारी प्रशांत वेळेच्या बराच आधी आला. मी मंजण्णाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की अकराला मशीन बंद ठेव, एकाच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यानं काय, कोण, काही विचारलं नाही. लग्नाचे दिवस, त्याच्या दारात बायका साड्या घेऊन उभ्या. त्यांना त्यानं सांगितलं, करंट गेलाय. डोक्यावर पंखा फिरत होता. बायकांनी पंख्याकडे बघितलं, मंजण्णाकडे बघितलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

प्रशांतनं मागच्या टेबलावर बॅग ठेवली, लॅपटॉप काढला. झाकणाच्या मधोमध कोरड्या कुंकवाचा छोटा गोल टिळा होता. त्याचा हात सवयीनं रुमालाकडे गेला. रुमाल झाकणापर्यंत आला आणि तिथं थांबला. तो टिळ्याकडे बघत राहिला. मग उघडून बटणाकडे बघितलं. बटण स्वच्छ. परत झाकण मिटलं, परत टिळा बघितला. मग माझ्याकडे वळला.

‘अक्का, ती इथं आली होती?’

‘बटण दाब,’ मी म्हटलं. ‘अकरा वाजत आलेत.’

त्यानं रुमाल खिशात ठेवला आणि बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला आणि पडदा उजळला. एकदा उठल्यावर तो शेवटपर्यंत झोपला नाही.

ती नोकरी त्याला मिळाली नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही त्याची वाट बघत बसायला नको. पुढं दुसरी मिळाली, देवनहळ्ळीकडे, लांब आहे, पगारही पहिल्यापेक्षा कमी आहे, पण आहे. त्या गुरुवारी मात्र यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. माझ्या टेबलाशी बसून मला एवढंच ऐकू आलं, की तो पहिल्यांदा चाचरत बोलत होता, मग नीट बोलायला लागला, आणि एकदा समोरचे लोक हसले, चांगलं हसले.

संपल्यावर त्यानं झाकण मिटलं. फळीवरून मंजण्णानं डोकं वर काढलं, ‘आयता, अक्का?’ म्हणजे झालं का. मी मान हलवली. प्रशांतनं घरी फोन लावला. मी ब्रश धुवायला घेतले, पण जागा एवढीशी, ऐकू येणारच.

‘हां, मीच,’ म्हणाला. मग काही बोललाच नाही, नुसता ऐकत उभा होता, जिन्याच्या उताराखाली मान वाकडी करून. खूप वेळानं म्हणाला, ‘दिसलं. झाकणावरचं दिसलं.’ मग, ‘नाही, पुसलं नाही.’ परत ऐकलं. ‘बरं. येतो की आत्ताच.’

फोन ठेवला, लॅपटॉप बॅगेत घातला, बॅग खांद्याला लावली आणि वाकून बाहेर पडता पडता दारात अडकल्यासारखा थांबला. बाहेर टळटळीत ऊन होतं. त्यानं घड्याळ बघितलं.

‘एवढ्या लवकर घरी जाऊन काय करायचं, अक्का?’ म्हणाला. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

‘जेव,’ मी म्हटलं.